साखर ओळखणारं इन्सुलिन आणि त्यामागची जैवसामग्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं जेलवर संशोधन केलं. माझा धाकटा भाऊ नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर आहे, त्यामुळे या विषयाकडे मी प्रयोगशाळेतून पाहते तितकीच स्वयंपाकघरातूनही पाहते. ‘स्मार्ट इन्सुलिन’ची बातमी पेपरात आली की नातेवाईक, विद्यार्थी आणि भावाच्या ओळखीतले पालक तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत.

‘स्मार्ट इन्सुलिन’ म्हणजे नेमकं काय?

रक्तातली साखर वाढली की आपोआप कामाला लागणारं आणि साखर उतरली की आपोआप थांबणारं इन्सुलिन. हे दोन प्रकारे करता येतं. एकात इन्सुलिन साधंच असतं, पण ते अशा पदार्थात बंद केलेलं असतं जो साखरेचं प्रमाण बघून त्याला सोडतो किंवा अडवतो. या पदार्थाला प्रतिसादी जैवसामग्री म्हणतात. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिनच्या रेणूतच बदल केलेला असतो. या पानावर पहिल्याबद्दल जास्त लिहिलं आहे, दुसऱ्याबद्दलही पुढे येईल.

आत्ता घेतो त्या इन्सुलिनमध्ये काय कमी आहे?

त्याला थांबता येत नाही.

सकाळी 12 युनिट टोचले की ते 12 युनिट आपलं काम करणारच, मग तुम्ही जेवलात, अर्धं जेवण टाकून उठलात किंवा बस पकडायला धावलात तरी. इन्सुलिनला यातलं काही कळत नाही. म्हणून सगळा हिशेब माणसाला करावा लागतो : भाकरी किती, भात किती, चालणं किती, ताप आहे का, पाळी आली आहे का. हिशेब एका बाजूला चुकला तर शुगर चढते, आणि त्याचे परिणाम डोळे, मूत्रपिंड, नसा यांवर वर्षानुवर्षं साचत जातात. दुसऱ्या बाजूला चुकला तर शुगर उतरते, आणि त्याचा परिणाम पंधरा मिनिटांत दिसतो.

रक्तशर्करा दर 100 मिलिलिटर रक्तामागे 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की तिला ‘लो’ म्हणतात. 54 च्या खाली ती गंभीर समजली जाते, कारण मेंदूला इंधन पुरेनासं होतं. भाऊ लहान असताना आई रात्री अडीचला उठायची आणि दिवा न लावता त्याच्या मानेमागे हात लावून पाहायची. मान कोरडी असली की परत झोपायची. घामाने चिंब असली की त्याला हलवून उठवायचं आणि साखरेचं पाणी पाजायचं. तेव्हा घरात सेन्सर नव्हता, आईचा हात हाच सेन्सर.

ही भीती असलेले लोक मुद्दाम इन्सुलिन थोडं कमी घेतात आणि शुगर जरा चढीच ठेवतात. डॉक्टर रागावतात, पण रात्री एकटं झोपणाऱ्या माणसाचा तो निर्णय मला कळतो. माझ्या मते स्मार्ट इन्सुलिनची खरी गरज इथे आहे. सुया कमी होणं हा वरचा फायदा झाला.

निरोगी शरीर हे कसं जमवतं?

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी दिवसरात्र साखर मोजत असतात. ग्लुकोज पेशीत शिरतं, तिथे त्याचं ज्वलन होतं, त्या ऊर्जेमुळे पोटॅशियमची दारं बंद होतात, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनने भरलेल्या पिशव्या फुटतात. हे काही मिनिटांत घडतं. साखर खाली आली की क्रम उलटा फिरतो आणि पिशव्या फुटणं थांबतं. शिवाय हे इन्सुलिन आधी थेट यकृताकडे जातं आणि रक्तात आल्यावर त्याचं अर्धायुष्य जेमतेम पाच मिनिटांचं असतं. म्हणजे चूक झाली तरी ती लगेच पुसली जाते. त्वचेखाली टोचलेल्या इन्सुलिनला ही सोय नाही. ते चरबीत साठतं आणि तिथून झिरपत राहतं.

जैवसामग्री, हायड्रोजेल हे शब्द सतत येतात. सोप्या भाषेत सांगाल का?

सब्जा पाण्यात टाकून पाहा. दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक काळ्या दाण्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत कवच तयार होतं. ते कवच म्हणजे हायड्रोजेल : लांबलचक साखळी रेणूंचं जाळं आणि त्यात अडकलेलं पाणी. जाळं फुगलं की छिद्रं मोठी होतात, आकसलं की लहान. त्या जाळ्यात इन्सुलिन कोंडलं, तर फुगलेल्या जाळ्यातून ते बाहेर पडेल आणि आकसलेल्यातून पडणार नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ‘जलशक्ती’ नावाचा पाणी शोषणारा पदार्थ विकसित केला होता, तोही याच कुळातला. लहान मुलांच्या डायपरमध्येही असेच पदार्थ असतात. फरक इतकाच की सब्जा पाणी दिसलं की फुगतो. आपल्याला साखर दिसली की फुगणारं आणि साखर गेली की आकसणारं जेल हवं आहे. शिवाय ते शरीराला न दुखवता शरीरात राहिलं पाहिजे, म्हणून ‘जैव’.

यासाठी वापरले जाणारे काही पदार्थ ओळखीचे आहेत. कायटोसन कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून करतात, अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून निघतं आणि हायल्युरोनिक आम्ल आपल्या सांध्यांत आणि त्वचेत असतंच. बाकीचे बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लांब साखळी रेणू) प्रयोगशाळेत तयार केलेले असतात.

पण जेलला साखर कळते कशी?

सगळी मेख इथेच आहे, म्हणून हे उत्तर लांब आहे. मुख्य रस्ते तीन.

पहिला रस्ता ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा. बऱ्याच ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर हेच विकर असतं, आणि ते अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवतात. ते ग्लुकोज आणि ऑक्सिजन घेतं आणि ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. म्हणजे जिथे साखर जास्त, तिथे तीन गोष्टी घडतात : आंबटपणा वाढतो, ऑक्सिजन घटतो आणि पेरॉक्साइड साचतं. यातल्या कुठल्याही एका बदलाला दाद देणारं जाळं विणता येतं. आम्लात फुगणारी जेलं 1980 च्या दशकातच तयार झाली होती. ऑक्सिजन घटला की विस्कटणाऱ्या सूक्ष्म पिशव्या 2015 मध्ये झेन गु यांच्या गटाने अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात दाखवल्या.

या विकराची जमेची बाजू म्हणजे ते ग्लुकोजलाच ओळखतं, दुसऱ्या साखरांना फारसं फसत नाही. अडचण त्याच्या उरलेल्या मालाची आहे. जखम धुताना जे फसफसतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड त्वचेखाली रोज तयार होत राहिलं तर पेशी दुखावतात आणि विकर स्वतःही निकामी होत जातं. त्यावर उपाय म्हणून कॅटलेज हे दुसरं विकर सोबत घालतात, ते पेरॉक्साइड फोडून टाकतं. पण त्वचेखाली ऑक्सिजन मुळातच कमी असतो, त्यामुळे साखर खूप चढली, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी, विकराचा वेग तोकडा पडू शकतो.

दुसरा रस्ता कॉन-ए या प्रथिनाचा. आपल्याकडे अबईच्या शेंगा मिळतात, त्यांच्याच जातकुळीतल्या जॅक बीनच्या बियांत हे प्रथिन असतं आणि ते काही साखरांना घट्ट धरतं. 1979 मध्ये मायकेल ब्राउनली आणि अँथनी सेरामी यांनी इन्सुलिनला साखरेची शेपटी जोडली आणि ते कॉन-ए ला चिकटवून ठेवलं. रक्तातलं ग्लुकोज वाढलं की ते त्या जागेसाठी भांडतं, इन्सुलिनला ढकलून स्वतः बसतं, आणि इन्सुलिन मोकळं होतं. कल्पना इतकी सुरेख होती की आजही या क्षेत्रातला बराचसा विचार तिच्याच आधाराने चालतो. पण कॉन-ए प्रतिकारशक्तीच्या पेशींना भडकवतं. माणसाच्या शरीरात ते सुटं होऊ देणं धोक्याचं आहे.

तिसरा रस्ता बोरॉनचा. कॅरम बोर्डवर भुरभुरतो ती बोरिक पावडर आठवा, तिचाच एक नातेवाईक म्हणजे फेनिलबोरोनिक आम्ल. साखरेच्या रेणूवर शेजारीशेजारी असलेल्या दोन हायड्रॉक्सिल गटांना ते पकडतं. पकडलं की त्याच्यावर ऋण भार येतो आणि जाळ्याचा स्वभाव बदलतो. जपानमध्ये काझुनोरी काताओका आणि अकिरा मात्सुमोतो यांच्या गटाने यावर सुंदर काम केलं. त्यांच्या जेलमध्ये साखर कमी झाली की वरचा पातळ थर आकसून घट्ट होतो, दुधावर साय धरावी तसा, आणि आतलं इन्सुलिन अडतं. साखर वाढली की ती साय विरते.

यात प्रथिन नाही, त्यामुळे ते सहसा नासत नाही. मात्र साधं फेनिलबोरोनिक आम्ल 9 च्या आसपास सामू (पीएच) असताना नीट काम करतं आणि आपल्या रक्ताचा सामू असतो 7.4. त्यासाठी रेणूत फेरफार करावे लागतात. शिवाय ते फ्रुक्टोजला ग्लुकोजहून जास्त घट्ट धरतं. लॅक्टेटही त्याला चिकटतं, आणि व्यायाम केल्यावर रक्तात लॅक्टेट वाढतं.

तिघांपैकी तुमचा भरवसा कोणावर?

बोरॉनवर. तुटफूट कमी, कारखान्यात मोठ्या प्रमाणात करणं सोपं आणि उष्णतेतही टिकण्याची शक्यता जास्त. साखरेची अचूक ओळख पटवणं हे त्याचं राहिलेलं काम आहे.

1979 पासून काम चालू आहे, मग अजून औषध का आलं नाही?

हा प्रश्न लोक जरा चिडून विचारतात, आणि ते स्वाभाविक आहे. उत्तर आकड्यांत आहे.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर 72 असताना त्या सगळ्या रक्तात मिळून 3.6 ग्रॅम ग्लुकोज असतं, पाऊण चमच्याएवढं. शुगर 180 झाली की 9 ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन चमचे. पाऊण चमच्याला पूर्ण बंद आणि दोन चमच्यांना पूर्ण उघडं, एवढ्या अरुंद पट्टीत सामग्रीने निर्णय घ्यायचा आहे. प्रयोगशाळेत चंचुपात्रात साखर शून्यावरून 400 वर नेली की कुठलंही जेल छान प्रतिसाद देतं आणि आलेख देखणा येतो. मीही असे आलेख काढले आहेत. पण माणसाच्या शरीरात शून्यही नसतं आणि अचानक 400 ही होत नाही. अडीच पटीच्या फरकाला इन्सुलिनचं सुटणं दहा पटीने बदललं पाहिजे, आणि रसायनशास्त्रात हे सहजी मिळत नाही.

दुसरी गोष्ट वेळ. जेवल्यावर साखर अर्ध्या तासात चढते. त्वचेखालच्या द्रवात ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते, मग जेल फुगायला वेळ, इन्सुलिनला तिथून रक्तात शिरायला वेळ. आणि उलट दिशेने तर आणखी वाईट : जेलने दार लावलं तरी दाराबाहेर आधीच पडलेलं इन्सुलिन परत बोलावता येत नाही. सुरू होण्यापेक्षा थांबणं अवघड आहे ते याचमुळे. संशोधनाच्या निबंधांत ‘किती लवकर सुटलं’ याचे आकडे ठळक असतात. मी आधी ‘किती लवकर थांबलं’ ते शोधते.

तिसरी गोष्ट गळती. जेलमध्ये तीन दिवसांचं इन्सुलिन भरलं आणि ते फाटून एकदम सुटलं, तर तो जीवघेणा डोस ठरतो.

इन्सुलिनचा पॅच निघाल्याचं वाचलं होतं. ते खोटं होतं का?

खोटं नव्हतं, अर्धं सांगितलेलं होतं. झेन गु यांच्याच गटाने, ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना, 2020 मध्ये नाण्याएवढ्या पॅचवरचं काम प्रसिद्ध केलं. पॅचच्या खालच्या बाजूला केसाळ ब्रशसारख्या सूक्ष्म सुया असतात, एकेक मिलिमीटरहून लहान, त्यामुळे दुखऱ्या नसांपर्यंत सहसा पोचत नाहीत. या सुयाच बोरॉनवाल्या जेलच्या बनवलेल्या आणि इन्सुलिनने भरलेल्या. साखर वाढली की त्या फुगतात. 25 किलोहून जड अशा मधुमेही छोट्या डुकरांवर एका पॅचने 20 तासांहून अधिक काळ साखर काबूत ठेवली. उंदरावरून इतक्या मोठ्या प्राण्यापर्यंत पोचणं ही मोठी झेप होती, मी तो निबंध दोनदा वाचला.

बातमीत एक गोष्ट राहून गेली होती : माणसावर तो वापरून पाहिलेला नव्हता. डुक्कर माणसाच्या आकाराचं असलं तरी ते आंघोळ करून ऑफिसला जात नाही, दमट हवेत घामाने पॅच सोडवत नाही आणि चतुर्थीला उपास करून संध्याकाळी पाच मोदक खात नाही.

एवढ्याशा पॅचमध्ये दिवसभराचं इन्सुलिन मावेल का?

मावतं, लोकांना वाटतं त्याहून सहज. एक युनिट म्हणजे 0.035 मिलिग्रॅम इन्सुलिन. दिवसाला 40 युनिट लागत असतील तर ते 1.4 मिलिग्रॅम होतं, मिठाच्या काही कणांइतकं. बाटलीतलं बाकी सगळं पाणी आणि टिकवणारे पदार्थ असतात.

प्रयोग डुकरांवरच का करतात?

त्यांची त्वचा आणि त्वचेखालची चरबी आपल्याशी बरीच मिळतीजुळती असते. त्यांचं इन्सुलिनही आपल्यापेक्षा 51 पैकी एकाच अमिनो आम्लाने वेगळं आहे, आणि पूर्वी कित्येक वर्षं माणसं डुकराचंच इन्सुलिन टोचून जगली. उंदराची त्वचा पातळ आणि सैल असते. उंदरावर जमलेलं सगळं डुकरावर जमतंच असं नाही.

जेल, पॅच काही नको. इन्सुलिनच हुशार करता येणार नाही का?

हाच सुरुवातीला सांगितलेला दुसरा प्रकार, आणि माणसावरची चाचणी आधी याच रस्त्याने झाली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतून निघालेली स्मार्टसेल्स नावाची छोटी कंपनी 2010 मध्ये मर्क या औषध कंपनीने विकत घेतली. त्यांच्या इन्सुलिनला साखरेचे गट जोडलेले होते. शरीरात मॅनोज नावाची साखर पकडणारं एक ग्राहक प्रथिन (रिसेप्टर) असतं, ते या इन्सुलिनला ओढून नष्ट करतं. साखर वाढली की ग्लुकोज त्या ग्राहकावर गर्दी करतं आणि इन्सुलिन नष्ट होण्यापासून वाचतं. एमके-2640 या नावाने ते माणसांवर तपासलं गेलं. कल्पना प्राण्यांत चांगली उतरली होती, माणसात परिणाम फारच फिका पडला, आणि ते पुढे गेलं नाही. मला या चाचणीचा आदर वाटतो, कारण तिने सगळ्यांना जमिनीवर आणलं.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये नोवो नॉर्डिस्क या औषध कंपनीच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एनएनसी-2215 नावाचा रेणू मांडला. इन्सुलिनच्या एका टोकाला ग्लुकोज पकडणारं कडं आणि दुसऱ्या टोकाला ग्लुकोजसारखा तुकडा. साखर कमी असते तेव्हा तुकडा स्वतःच्याच कड्यात जाऊन बसतो, कडी कोयंड्यात अडकावी तसा, आणि इन्सुलिन मिटून राहतं. साखर वाढली की बाहेरचं ग्लुकोज कड्यात घुसतं, कडी निघते आणि इन्सुलिन काम करू लागतं. साखर 54 वरून 360 वर गेली की या रेणूची इन्सुलिन-ग्राहकाला चिकटण्याची ताकद 3.2 पट होते. उंदीरवर्गीय प्राण्यांत आणि डुकरांत साखर अति उतरण्यापासून थोडं संरक्षण मिळालेलं दिसलं.

3.2 पट ऐकायला कमी वाटतं. पण आजच्या इन्सुलिनचा आकडा आहे 1 पट, म्हणजे काहीच फरक नाही. शुगर 60 पर्यंत उतरलेल्या मुलाला शुद्धीत राहायला थोडासा फरकही पुरू शकतो, म्हणून मी याला छोटी गोष्ट म्हणणार नाही.

आठवड्यातून एकदा घ्यायचं इन्सुलिन आलं आहे, ते स्मार्टच ना?

नाही. आयकोडेक हे साप्ताहिक इन्सुलिन 2024 मध्ये युरोपात मंजूर झालं. ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतं आणि हळूहळू सुटतं. सोयीचं आहे, सुया खूप वाचतात, पण त्याला साखर कळत नाही. ‘दीर्घकाळ टिकणारं’ आणि ‘प्रतिसाद देणारं’ या दोन गोष्टींची गल्लत बातम्यांत फार होते.

दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत अवधेश सुरोलिया यांच्या गटाने 2010 मध्ये इन्सुलिनचे रेणू एकमेकांत गुंफून एक साठा तयार केला होता. मधुमेही उंदरांत एका इंजेक्शनवर 120 दिवसांहून अधिक काळ त्यातून इन्सुलिन झिरपत राहिलं. आपल्या देशात झालेलं हे काम फार कमी लोकांना माहीत आहे. तेही दीर्घकालीन या प्रकारात मोडतं.

पंप आणि सेन्सर असताना ही खटपट कशाला?

पंप-सेन्सरची जोडी हाच आज मिळणारा सगळ्यात स्मार्ट मार्ग आहे, हे स्पष्ट सांगते. सेन्सर दर काही मिनिटांनी साखर मोजतो, गणित मांडलं जातं, पंप इन्सुलिन कमी-जास्त करतो. असा पहिला अर्धस्वयंचलित पंप अमेरिकेत 2016 मध्ये मंजूर झाला. ज्यांना परवडतो त्यांनी डॉक्टरांशी बोलून जरूर घ्यावा.

पण पंपाची किंमत लाखांत जाते, सेन्सर दर एक-दोन आठवड्यांनी नवा लागतो, नळी दुमडते, बॅटरी उतरते. सामग्रीत बॅटरी नाही, पडदा नाही, चार्जिंग नाही. साखळी रेणूंचं रसायन हेच यंत्र. जिथे वीज जाते-येते तिथल्या माणसासाठी हा फरक मोठा आहे.

शरीर या पदार्थांना परकं समजत नाही का?

समजतं. काटा रुतला की शरीर त्याभोवती जसा कठीण भाग तयार करतं, तसंच आत ठेवलेल्या जेलभोवती तंतुमय ऊतीचं आवरण धरतं. आवरण धरलं की साखर आत पोचत नाही आणि इन्सुलिन बाहेर येत नाही. म्हणून बरेच गट दिवसाला बदलायचा पॅच किंवा विरघळून जाणारं इंजेक्शन यांकडे वळले आहेत.

यावरचं एक काम मला फार आश्वासक वाटतं. एमआयटीत रॉबर्ट लँगर आणि डॅनियल अँडरसन यांच्या गटाने अल्जिनेटमध्ये रासायनिक बदल करून असं आवरण बरंच टाळता येतं हे दाखवलं. 2016 मध्ये त्यांनी मूलपेशींपासून तयार केलेल्या मानवी बीटा पेशी त्या अल्जिनेटच्या गोळ्यांत ठेवून उंदरांत बसवल्या. 174 दिवस साखर काबूत राहिली, आणि प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध द्यावं लागलं नाही. इथे जेल फक्त कुंपणाचं काम करतं. साखर मोजण्याचं काम जिवंत पेशी करतात, आणि त्या ते आपल्या कुठल्याही रसायनापेक्षा चांगलं करतात.

टाइप 2 वाल्यांना याचा उपयोग होईल का?

जे इन्सुलिन घेतात त्यांना होईल, विशेषतः एकटे राहणाऱ्या वयस्कर लोकांना. जे गोळ्यांवर आहेत त्यांना याची गरज नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. यातले बहुतेक टाइप 2 चे आहेत.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे पदार्थ टिकतील?

हा प्रश्न जळगावच्या एका पालकांनी विचारला होता, आणि मला तो फार आवडला, कारण तो परिषदांत क्वचितच विचारला जातो. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. खूप उष्णता आणि हलवाहलव झाली की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू तयार होतात आणि औषधाचा जोर जातो. फ्रिज नसलेल्या घरांत माठाजवळ किंवा ओल्या मातीच्या भांड्यात बाटली ठेवतात. ती पद्धत उन्हाच्या झळा बऱ्याच वाचवते. जेलमध्ये कोंडलेलं, कोरडं केलेलं इन्सुलिन जास्त टिकू शकतं, हा सूक्ष्म सुयांच्या पॅचचा कमी चर्चिलेला फायदा आहे.

ऑनलाइन ‘शुगर कंट्रोल पॅच’ मिळतो, तो हाच का?

नाही. साखर ओळखून इन्सुलिन सोडणारा एकही पॅच किंवा जेल आज जगात कुठेही विक्रीसाठी मंजूर नाही. त्या पॅचमध्ये इन्सुलिन नसतं. तो लावून इन्सुलिन बंद केलं तर टाइप 1 च्या रुग्णाला काही दिवसांत, कधी एक-दोन दिवसांतच, कीटोॲसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो आणि जीव जाऊ शकतो. कृपया असा पॅच कुणालाही घेऊ देऊ नका.

आमची मुलगी अकरा वर्षांची आहे, टाइप 1. हे सगळं येईपर्यंत आम्ही काय करायचं?

आधी सिरिंज तपासा. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटची आणि 100 युनिटची अशी दोन्ही ताकदीची इन्सुलिनं मिळतात. लाल टोपीची सिरिंज 40 साठी, नारिंगी टोपीची 100 साठी. 100 चं औषध लाल टोपीच्या सिरिंजने भरलं तर अडीच पट डोस जातो. आमच्या शेजारच्या काकांच्या बाबतीत हे झालं होतं. दुकानातून औषध बदलून आलं, सिरिंज घरातली जुनीच, आणि आकडा नेहमीचाच भरला. ते वाचले कारण त्यांची सून घरी होती.

संध्याकाळी मुलगी खूप खेळली असेल तर रात्री शुगर उतरण्याची शक्यता जास्त असते. अशा दिवशी झोपण्यापूर्वीची शुगर पाहा आणि डोस किंवा खाणं कसं बदलायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. शुगर 70 च्या खाली गेली आणि ती शुद्धीत असली तर 15 ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, घरात ग्लुकागॉन (साखर वाढवणारं औषध) असेल आणि द्यायला शिकला असाल तर द्या, आणि तडक दवाखाना गाठा. शाळेतल्या बाईंनाही हे सगळं दाखवून ठेवा, आणि दप्तरात एक ग्लुकोजचा पुडा कायम असू द्या.

भाऊ आता नोकरीला लागला, त्याच्या दंडावर सेन्सर आहे, तरी त्याच्या उशाशी स्टीलच्या छोट्या डबीत साखर असतेच. डबीचं झाकण आई अजूनही मुद्दाम सैल ठेवते. शुगर उतरली की बोटं थरथरतात आणि घट्ट झाकण उघडत नाही.